ट्रॅक्टरमध्ये वाजणारी काशी

आमच्या ट्रॅक्टरमध्ये सध्या जे भजन वाजून राह्यलं ना, त्याच्या जागी पयले माही आई होती. गंगेच्या पाण्यात उभी, डोक्यावर पदर, बाजूले बाबा. भजन संपलं का कव्वाली लागते, तिथं नावेतले फोटो होते. अन् मंग ते डीजेवालं वरातीचं गाणं, ज्याच्यावर बाबा स्टेअरिंगवर बोटं वाजवतेत, तिथं काशीची आख्खी आरती होती, दिव्यांसकट. हे असं कसं झालं ते सांगते, पण पयल्यापासून सांगाव लागीन, कारण याच्यात एकट्या कोणाचा दोष नाई. घरातल्या साऱ्यायनं हातभार लावला.

आमी शेलूबाजारच्या जवळचे. शेती हाये, एक ट्रॅक्टर हाये, एक दुसऱ्याच्या हातची चारचाकी हाये, अन् एक आई हाये जिचं अन् कॅमेऱ्याचं कधीच जमलं नाई. तिच्या लग्नात फोटोवाला होता, मंगरूळपीरहून बोलावलेला, गळ्यात कॅमेरा, खांद्यावर बॅटरीची पिशवी, दिवसभर त्यानं फ्लॅश मारले, जेवला, आहेर घेतला अन् आठ-दहा दिवसांनी येऊन सांगलं का रोल जळला. रोल जळला म्हणजे खरी आग नाई लागत, आत उजेड शिरते अन् सारं पांढरं होते. हे मले लय उशिरा समजलं. लहानपणी मले वाटे का आईच्या लग्नात मांडवालेच भडका लागला होता अन् घरचे लपवून राह्यले.

तर लग्नाचा एक फोटो नाई. त्याच्यानंतर बी दोघांचा मिळून नाईच. आधार कार्डावर वेगळे, मतदानाच्या कार्डावर वेगळे. मामाच्या लग्नातल्या एका ग्रुप फोटोत दोघं हायेत म्हणा, पण बाबा डाव्या टोकाले, आई उजव्या टोकाले, अन् मधात सारं गणगोत. त्या फोटोकडं पाहून कोणी सांगूच शकत नाई का हे दोघं नवरा-बायको हायेत. दोन वेगवेगळ्या गावाहून जेवाले आल्यासारखे दिसतेत.

अन् मंग काशी ठरली. काशीहून आलं का मावंदं घालाव लागते, म्हणजे गंगेच्या पाण्याच्या गडव्याची पूजा करायची अन् गावाले जेवण द्यायचं. हे जुनं. नवं काय, तर मावंद्याचा फ्लेक्स चौकात लावाव लागते, काशी करून आलेल्यायच्या फोटोसकट. फ्लेक्स नाई लावला तर लोकायले वाटते तुमी बाजूच्या कारंजा गावापर्यंत जाऊन परत आले.

आमच्या मोठ्या मायनं, म्हणजे बाबाच्या मोठ्या भावाच्या बायकोनं, आमच्या आधी काशी केली होती. ती आमच्या बाजूच्याच घरात राहते. तिचा अन् मोठ्या बाबाचा फ्लेक्स असा होता का नावेत बसून दोघं हात जोडून हायेत अन् वरतून ढगातून उजेड पडून राह्यला. मावंदं झालं, फ्लेक्स चौकातून उतरला अन् सरळ गोठ्यामागच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, गंजीवर गेला, कुटार भिजू नये म्हणून. आमच्याइथं कोणताच फ्लेक्स वाया जात नाई. तवापासून मोठी माय अन् मोठे बाबा हात जोडून कुटारावर बसेल हायेत. आई रोज सकाळी शेण काढाले जाते तर पयलं दर्शन या दोघायचंच.

निघायच्या आधी आई मले म्हणाली, "मले काशीतून साडी नको, माळ नको. मले तुह्या बाबाचा अन् माहा एक फोटो पाह्यजे. एकाच फोटोत. दोघं दिसले पाह्यजे."

"एक? शंभर काढते ना वं."

"शंभर नको. एकच, पन जळेल नको."

मी वाशीमले कॉलेजात हाये अन् मले फोटोचं लय वेड हाये, म्हणजे एवढं का जेवणाचं ताट आलं का घरचे आता हात मांगं घेऊन थांबतेत. मी एका मैत्रिणीचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. अन् मामाच्या कपाटातून त्याचा जुना रोलवाला कॅमेरा काढला, रोल ऑनलाइन मागवला, कारण आजकाल रोलवरच्या फोटोची लय हवा हाये, तो जुनाट रंग, ते दाणे. आईनं तो कॅमेरा पाह्यला अन् तोंडच वाकडं केलं.

"हा कायले आनला? एकदा पोळली तरी पुन्हा त्याच चुलीत हात?"

"आई, आता याची फॅशन आली पुन्हा."

"कायची? जळायची?"

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला अन् आमी निघालो. आमी तिघंच. बाबा गाडी चालवाले, आई त्यायच्या बाजूले, मी मांगं दोन कॅमेरे घेऊन. शेलूबाजारलेच समृद्धी महामार्गावर चढलो. बाबानं एवढा मोठा रस्ता पयल्यांदा चालवाले घेतला होता, तर दोन्ही हात स्टेअरिंगले असे धरले का जसा बैल सुटून जाईन. सीटबेल्ट त्यायनं पाठीमागून घेऊन खोचून देल्ला होता. लावला तर पोटाले रग लागते अन् नाई लावला तर गाडी कोकलते, त्याच्यावर हा त्यायचा तोडगा. आईनं बी तसाच.

आईच्या मांडीवर आमच्या झाडाचे संत्रे होते. मी मांगं खाली मान घालून, मोबाईलवर व्हिडिओ लावून, कॅमेऱ्यात रोल भरून राह्यली होती. रोलची एक जीभ असते, ती समोरच्या चकरीच्या खाचेत घालायची, थोडं फिरवायचं, झाकण लावायचं. एवढं सोपं. गाडी हालून राह्यली, जीभ निसटून राह्यली, अन् समोर या दोघायचं वेगळंच चालू होतं.

"आ करा," आई म्हणाली.

"अवं, गाडी चालून राह्यली."

"गाडी हातानं चालते का तोंडानं?"

"बिया काढ मंग."

"बिया थुंका. मी काय मशीन हाये काय?"

दोघंबी हसून राह्यले. मी मान वर न करताच म्हटलं, "हालू नका बाप्पा, माहा रोल निघून जाते." अन् रोल बसला. म्हणजे मले वाटलं बसला. ते पुढं येते.

काशीचं काय सांगू. मी तर पागल झाली होती. डिजिटलनं एक, रोलनं एक, मोबाईलनं एक, प्रत्येक गोष्ट तीनदा. नाव, पायऱ्या, बकरी, बकरीच्या गळ्यातला हार, चहाची मातीची कुल्हड. डिजिटलची तारीख मैत्रिणीनं कधीच लावली नव्हती, त्याच्यामुळं फोटोच्या कोपऱ्यात असं येऊन राह्यलं होतं का मी पाळण्यात होती तवाच आमी काशी केली. सकाळच्या धुक्यात तर त्याची भिंगाची नळी अर्धी बाहेर येऊन अडकली, ना आत जाय ना बाहेर. बाबानं तिले फुंकर मारली, आईनं पदराखाली धरून शेकली अन् ती चालू झाली. मोबाईलमध्ये जागा नसतेच माह्या, तर मी रोज संध्याकाळी मोबाईलचे फोटो बी कॅमेऱ्याच्या कार्डात टाकून मोबाईलमधून उडवून टाकत होती. ते नखाएवढं बारकं कार्ड होतं, मोठ्या खोळीत घालून कॅमेऱ्यात बसे अन् खोळीतून काढलं का मोबाईलमध्ये. सारं एका जागी सेफ राहीन, असं माहं डोकं. व्हॉट्सॲपवर एक बी फोटो टाकला नाई, कारण आईनं बजावून ठेवलं होतं, "मोठ्या मायले चौकातच दिसला पाह्यजे. आधी मोबाईलवर दिसला तर काय मजा?"

अन् तो एक फोटो निघाला. निघाला म्हणजे काढून घ्यावा लागला. घाटाच्या खालच्या पायरीवर, पाण्यात, दोघं उभे. आधी तर बाबा असे उभे राह्यले का शाळेतलं झेंडावंदन, अन् दोघायच्या मधात एवढी जागा का एक साधूबाबा सरळ मधून निघून गेले. मी वरतून वरडली, "बाबा, हात ठेवा ना आईच्या खांद्यावर." बाबानं इकडंतिकडं पाह्यलं, गावचं कोणी नाई याची खात्री केली, अन् तापेल तव्याले हात लावा तसा हात ठेवला. आईनं पदर सारखा केला. मी दोन्ही कॅमेऱ्यानं घेतला.

आईनं डिजिटलच्या बारक्या पडद्यावर पदराची सावली धरून लय वेळ पाह्यलं. मंग म्हणाली, "हाच लावू."

आता रोल. त्याच्यात छत्तीस फोटो असतेत. माहा आकडा छत्तीसच्या पुढं गेला. सदतीस, अडतीस, चाळीस.

"बाबा, हा रोल संपतच नाई."

"कंपनीनं जास्त देला असन. काढत राह्य."

आमी घरी आलो. मी कार्ड खोळीतून काढून आईपाशी देलं अन् म्हटलं का हे जिवासारखं सांभाळ, मी वाशीमहून शनवारी येते, मंग फ्लेक्सवाल्याकडं जाऊ. आईनं ते एका रिकाम्या कुंकवाच्या डबीत ठेवलं अन् डबी देवघरात गंगेच्या गडव्यापाशी ठेवली. घरात त्याच्याहून सुरक्षित जागा नाई, तिथं उंदीर बी जात नाई.

वाशीमले मी रोलचा कॅमेरा घेऊन एका जुन्या स्टुडिओत गेली. आता तिथं पासपोर्ट फोटोच निघतेत, पण मालकाले जुनं काम येते असं ऐकलं होतं. त्यानं कॅमेरा हातात घेतला, वरची चकरी उलटी फिरवून पाह्यली, कानापाशी नेला, मंग आतून बायकोले हाक मारली का इकडं ये, गंमत पाह्य. झाकण उघडलं. आत रोल जसाच्या तसा, जीभ बाहेर काढून बसेल. चकरीले तो लागलाच नव्हता. मी आख्ख्या काशीत रिकामी चकरी फिरवून राह्यली होती.

"ताई, हा तर कोराच हाये," तो म्हणे. "काढायचे होते काय फोटो?"

बरं, म्हटलं, जाऊ द्या, कार्ड तर हाये. आईले सांगायचंच नाई का तिचं खरं झालं.

शनवारी मी घरी आली. पायरीवर चप्पल काढून राह्यली तर बाबा ट्रॅक्टर घेऊन आले, गाणं एवढं मोठं का कोंबड्या बाजूले पळाल्या.

"बाबा, आवाज भारी येऊन राह्यला. नवं कार्ड आणलं काय?"

"आनाव कायले? जुनं खराब झालं तं घरीच एक रिकामं सापडलं. देवापाशी, डबीत."

मी एक चप्पल घालून तशीच उभी. "रिकामं हाये हे कसं समजलं तुमाले?"

"कोरंच तं होतं. वर काई लिहेल होतं काय?"

तुमी म्हणसान आजकाल कार्डात गाणे कोण भरते, सारे मोबाईलवर ऐकतेत. पण ट्रॅक्टरले मोबाईल नसते. आमच्या चौकात एक मोबाईलचं दुकान हाये, तिथं पाटी हाये, कार्ड भरून मिळेल. भजन, कव्वाल्या, लग्नाचे, जे म्हणसान ते कोंबून देते. मी तशीच पळत गेली. दुकानवाला म्हणे, "ताई, मी विचारलं ना काकाले. म्हटलं, याच्यात काईतरी हाये, उडवू काय? काका म्हणे, देवाजवळचं हाये, देवाचंच भर. मी सारं साफ केलं अन् भरलं."

"मंग डीजे काहून भरला?"

"जागा उरली होती."

घरी आली तर आईले समजलं होतं. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बाबा बाजूले उभे, टोपी हातात, जसे सोयरीक मोडाले आले. आईनं माह्याकडं पाह्यलं. "रोलचा?"

मी नाई म्हणून मान हालवली.

"म्हंजे दोन्ही जळले," आई म्हणाली अन् शेंगा सोलत राह्यली. वरडली असती तर बरं झालं असतं. बाबानं ट्रॅक्टरची चावी खुंटीले लावली अन् दोन दिवस ट्रॅक्टरमध्ये गाणं लावलं नाई. तिसऱ्या दिवशी लावलं, हळू आवाजात.

मावंद्याचं आमंत्रण गेलं होतं. माघार नव्हती. माह्या कॉलेजातल्या एका मित्राकडं उडालेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर होतं. त्यानं कार्ड लावलं, मशीन रात्रभर चालू ठेवली, सकाळी म्हणे, आले काई काई. काय आलं होतं? बकरी. बकरी पूर्ण, एकदम साफ, हारासकट. बाबाचे गुडघ्याखालचे पाय. मैत्रिणीच्या आत्याच्या घरचा वाढदिवस, जो कवाचा त्या कार्डात होता. अन् तो घाटावरचा फोटो बी आला, पण वरचा भागच, आईच्या पदरापासून नाकापर्यंत, बाबाचं तर टक्कल फक्त, अन् त्याच्याखाली सारं करडं. भजन त्यायच्या नाकातोंडापर्यंत चढलं होतं.

मंग आमी फ्लेक्सवाल्याकडं गेलो, मी अन् आई. त्यानं जराबी टेन्शन घेतलं नाई. "दोघायचे आधार द्या," म्हणे. आधारवरचे तोंडं कापली, कोणत्यातरी दुसऱ्याच जोडप्याच्या धडावर बसवली, मांगं पाणी टाकलं. पाण्याच्या मांगं बर्फाचे डोंगर होते.

"काशीत बर्फ कुठी असते गा?" आई म्हणाली.

"काकू, लूक येते. अन् हे पाह्य, काकाले कोट देऊ का फेटा?"

आईनं त्या पडद्यावरच्या बाईकडं पाह्यलं. तोंड आईचं, आधार कार्डावरचं, चोरीत सापडल्यासारखं. हात त्या दुसऱ्या बाईचे, गोरेपान, बांगड्या भरून. "हे हात माहे नाईत," आई म्हणाली अन् उठली. बाहेर येऊन मले म्हणे, "फोटो नसला तं नसला. नुसते अक्षरं लावा. पन दुसऱ्या बाईच्या अंगावर माहं डोकं नाई पाह्यजे, तेबी यांच्या बाजूले."

मावंदं चार दिवसावर आलं होतं. बाबाच्या मोबाईलवर मेसेज आला. बाबाचा मोबाईल बटनवाला, त्यायले वाटलं बँकेचा, त्यायनं मले देला वाचाले. हायवेवरचं चलान होतं, सीटबेल्ट न लावल्याचं. बाबाचा चेहरा पडला. "म्या तं खोचला होता," म्हणे, "त्यायले दिसलं कसं?"

मेसेजात एक लिंक होती. मी ती माह्या मोबाईलवर उघडली. दंड, गाडीचा नंबर, अन् खाली पुरावा म्हणून फोटो.

मी आईले हाक मारली. आवाज असा निघाला का ती लाटणं घेऊनच आली.

फोटो वरतून घेतेल, समोरून, काळा-पांढरा, दाणेदार. अगदी तसाच जसा मले रोलवर पाह्यजे होता. काचेच्या आत बाबा, दोन्ही हात स्टेअरिंगले चिकटेल, तोंड आ वासेल. बाजूले आई त्यायच्याकडं वळेल, हातात संत्र्याची फोड, त्यायच्या तोंडाच्या एक बोट आधी. अन् दोघंबी हसून राह्यले. आई दात दाखवून, पदर मांगं पडेल, बाबाचे डोळे बारीक झालेले. मी माह्या आई-बापाले असं कधी पाह्यलंच नव्हतं. म्हणजे होती मी तिथंच. मांगच्या सीटवर माह्या डोक्याचा भांग दिसते, खाली वाकेल. मी रोल भरून राह्यली होती.

आईनं मोबाईल हातात घेतला. पिठाच्या बोटानं मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"हाच लावू," आई म्हणाली.

"अवं, येडी झाली काय," बाबा म्हणे. "चौकात? तोंड पाह्य माहं. मगराच्या जबड्यावानी. अन् हे सरकारी हाये, गुन्ह्याचा फोटो हाये हा."

"लग्नाचा बी पुरावा नाई आपल्यापाशी. एक तं असू द्या."

"लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, बायको चारून राह्यली."

बाबा मोठ्या मायच्या गंजीकडं पाहत राह्यले, जसा तिथून काई आधार भेटन. मोठे बाबा हात जोडून बसेल होते. काई कामाचे नव्हते.

मी दंड भरून टाकला अन् फोटो घेऊन फ्लेक्सवाल्याकडं गेली. त्यानं पाह्यला, हसला, म्हणे मांगं काशी टाकू, गाडी काढून नाव टाकू, फोडीच्या जागी कमळ देऊ. मी आईले फोन लावून स्पीकरवर धरला. आई म्हणाली, "काईच टाकू नको. गाडीचा नंबर बी राहू दे. अन् त्या पोरीचं डोकं बी कापू नको, तिनं लय मेहनत केली."

मावंद्याच्या दिवशी फ्लेक्स चौकात लागला, आडवा, भला मोठा. वर लिहेल काशीयात्रा, अन् खाली माही आई बाबाले संत्रं चारून राह्यली. सकाळी चहाच्या टपरीवर अशी गर्दी होती का जशी निवडणूक लागली. रोडगे खाले आलेले पाव्हणे आधी चौकात थांबून पाहून मंग घरी येऊन राह्यले होते. एक म्हातारे पाव्हणे तर फ्लेक्सले नमस्कार करून आले.

मोठी माय गडव्याची पूजा झाल्यावर आईपाशी येऊन बसली. मंग म्हणे, "तो फोटो कोन्त्या घाटावरचा हाये वं?"

"घाटावरचा नाई, बाई. आपल्या शेलूच्या पुढचा हाये."

"काशी तं आलीच नाई मंग त्याच्यात."

"नाई आली," आई म्हणाली अन् तिच्या ताटात अजून एक रोडगा वाढला.

मोठी माय जेवली. जाताना मोठ्या बाबाकडं पाहून म्हणे, "आपल्या नावेत कोनी कोनाकडं पाह्यलंच नाई." मोठे बाबा हात धुवाले गेले.

फ्लेक्स उतरला तवा बाबा म्हणे का हरभऱ्यावर झाकाले कामी येईन. आईनं तो दिला नाई. गुंडाळून पलंगाखाली ठेवला हाये. बाहेर काढाले खोलीत जागाच नाई एवढा मोठा हाये, त्याच्यामुळं तो दिसत नाई कोणालेच, पण हाये.

अन् आता समृद्धीवर चढायचं काम पडलं का गंमत असते. तो कॅमेरा ज्या खांबावर हाये, तो खांब आईले पाठ झाला. खांब दिसला का आई म्हणते, "बेल्ट लावा." बाबा लावतेत, खरोखरचा, समोरून. मंग आई पदर सारखा करते, बाबा टोपी सारखी करतेत, अन् दोघं बी एकदम वर पाहतेत.

"असं पाह्यलं तं फोटो नाई काढत ना तो," बाबा म्हणतेत. "बेल्ट लावला आपन."

आई संत्रं सोलत राहते.